भट्टी क्रमांक के-३०४

तिसरा कटर मोडला तेव्हा वणकुद्रे साहेब माझ्या पाठीमागेच उभे होते. टक्‌ असा बारीक आवाज झाला आणि कार्बाइडचं सुईएवढं टोक मशीनच्या काचेवर आपटून खाली पडलं.

"किती झाले?" त्यांनी विचारलं.

"तीन."

"आणि नंबर किती पिनांवर पडले?"

"अर्ध्या."

"अर्ध्या म्हणजे?"

"एका पिनेवर अर्धा नंबर पडलाय, साहेब."

लेथजवळ कोणीतरी फिसकन हसलं. साहेब हसले नाहीत. त्यांनी ती पिन हातात घेतली, अंगठ्यानं चाचपली आणि म्हणाले, "पद्मा, शुक्रवारी इन्स्पेक्टर येतोय. आज सोमवार आहे. काय ते बघ."

कोल्हापूरजवळ शिरोलीच्या एमआयडीसीत त्यांचा कारखाना होता. बावीस माणसं, पाच मशीनं. मी सत्तावीस वर्षांची होते आणि त्या बावीसांत एकटीच बाई. डिप्लोमा झाल्यावर मी चार कारखान्यांत अर्ज दिले होते. चारही ठिकाणी मला ऑफिसात बसून ड्रॉइंगची फाइल लावायचं काम देऊ केलं. वणकुद्रे साहेबांनी तसं केलं नाही. त्यांनी मला एक वाकडा तुकडा आणि ड्रॉइंग दिलं, दोन तास बाजूला उभे राहिले आणि संध्याकाळी सगळ्यांसमोर सांगितलं, "उद्यापासून मोठं मशीन ही चालवणार. कुणाला अडचण असेल त्यानं आत्ताच बोला." कोणी बोललं नाही. हे मी आधीच सांगून ठेवते. पुढं जे झालं ते ऐकताना हा माणूस वाईट होता असं कोणाला वाटायला नको.

त्या पिना एका रोपवेसाठी होत्या. डोंगरावरच्या एका देवस्थानाला नवीन रोपवे होत होता. पाळणा दोराला ज्या हातानं लटकतो, त्या हाताच्या सांध्यात ही पिन बसायची. मनगटाएवढी जाड, वीतभर लांब. एका पाळण्याला दोन, पाळणे वीस, म्हणून पिना चाळीस, आणि वर एक जादा. एका पाळण्यात आठ माणसं.

प्रत्येक पिनेच्या डोक्यावर भट्टीचा नंबर हवा होता. पोलादाची जी ओतणी होते, तिला पोलादाचा कारखाना जो नंबर देतो तो. उद्या काही बिघडलं तर त्या नंबरावरून मागं मागं जाता येतं. पोलाद कुठलं, तपासलं कोणी, पास कोणी केलं, सगळं सापडतं. आम्ही आधी असे नंबर हातोडीनं पंच मारून उठवायचो. रोपवेवाल्या कंपनीनं ते बंद केलं. ठोक्यानं बारीक चीर पडते, म्हणाले. नंबर कोरायचा, आणि रंग चढल्यावरही वाचता येईल इतका खोल, म्हणजे निदान पन्नास मायक्रॉन, साधारण केसाच्या जाडीएवढा. पण पिनांचं डोकं पाणी देऊन इतकं कडक केलेलं होतं की फिरता कटर त्याच्यावर टिकत नव्हता.

मंगळवारी सकाळी मी उद्यमनगरात खोतांच्या टूलच्या दुकानात गेले.

"हिऱ्याच्या टोकाचं एनग्रेव्हिंग टूल आहे?"

खोतांनी चष्म्यावरून बघितलं. "कशावर चालवणार?"

"पोलादावर. कडक केलेल्या."

"ताई, हिरा पोलादावर चालवत नाहीत. जळतोय. मी तुम्हाला विकीन, पण उद्या परत घेऊन येऊ नका."

"फिरवला तर तापेल आणि जळेल," मी म्हटलं. "मी फिरवणारच नाही. स्पिंडल बंद ठेवून नुसता ओढणार. पेनासारखा."

त्यांनी चष्मा काढला. मग आतून दोन डब्या आणल्या. एकात सरळ दांड्याचं टूल होतं, दुसऱ्याच्या दांड्यात स्प्रिंग होती. टोकंही दोन तऱ्हेची, एक नव्वद अंशांचं टोकदार, दुसरं एकशेवीसचं, जरा बोथट.

"टोकदार घ्या, रेघ बारीक येईल," खोत म्हणाले.

"बारीक येईल आणि पहिल्याच दिवशी टवका उडेल. बोथट द्या. आणि स्प्रिंगवालं."

"स्प्रिंग कशाला?"

"पिनेचं डोकं केसभर वरखाली असतं. सरळ टूल एका जागी हवेत राहील आणि दुसऱ्या जागी रुतेल. स्प्रिंग असली की टोक आपण होऊन वरखाली होतं."

बोलताना आवाजात जेवढी खात्री होती तेवढी पोटात नव्हती. हे सगळं मी एका जुन्या कॅटलॉगात वाचलेलं होतं. हातानं कधी केलं नव्हतं.

कारखान्यात येऊन मी अर्धा नंबर पडलेली ती बाद पिन मशीनला बांधली. टूल फिरवणाऱ्या स्पिंडलला कुलूप घातलं. डोक्यावर पातळ तेलाचे चार थेंब सोडले. पहिल्या वेळी मी टूल झपकन खाली आणलं आणि रेघेच्या तोंडाशी ओरखडा उठला. भिंगातून टोक बघितलं. वाचलं होतं. हिऱ्याला दाब चालतो, धक्का चालत नाही. दुसऱ्या वेळी अगदी सावकाश उतरवलं, वेग कमी केला, आणि एकाच रेघेवरून चार फेऱ्या मारल्या. तेल पुसलं. आकडे चांदीच्या तारेसारखे चकाकत होते. खोली मोजली, साठ मायक्रॉन.

साहेबांनी त्यावरून नख फिरवलं. "लागतंय गं नखाला!" मग त्यांनी सगळ्यांना बोलावलं. "ह्याला म्हणतात काम. घासला तरी जाणार नाही असा नंबर." त्या दिवशी सगळ्यांना वडापाव आला.

बुधवारी मशीन दुसऱ्या तातडीच्या कामात अडकलं, म्हणून पिना गुरुवारवर गेल्या. गुरुवारी सकाळी माळगे काका माझ्या मशीनपाशी आले. ते आमच्याकडे तपासणीचं काम बघायचे. मायक्रोमीटर कायम शर्टाच्या खिशात, आणि बोलणं मोजकं. निवृत्तीला तीन वर्षं उरलेली.

"लॅबचा रिपोर्ट आला," ते म्हणाले.

"कसला?"

"ह्या पिनांच्या पोलादाचा. नमुन्याची सळी धाडली हुती. लंबकाचा ठोका दिला तर काचंगत तुटली." त्यांनी कागद माझ्यासमोर धरला. "निम्म्यानंबी पास न्हाई."

मी कागद वाचला. भट्टी क्रमांक के-३०४. ठोक्याच्या चाचणीत नापास.

"मग आता?"

"आता काय. साहेबास्नी दाखवलंय."

दहा मिनिटांनी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर चिठ्ठी होती. त्यांनी ती माझ्याकडे सरकवली. तिच्यावर त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं: के-२१७.

"पिनांवर हा नंबर घाल."

के-२१७ मला माहीत होता. वर्षापूर्वी आम्ही त्याच कंपनीला नमुन्याच्या पिना दिल्या होत्या, त्या पोलादाचा तो नंबर. सगळ्या चाचण्या पास, दाखला फाइलमध्ये.

"साहेब, हे पोलाद ३०४ चं आहे."

"मला माहितेय."

"माळगे काकांनी रिपोर्ट दाखवला."

"त्यांनी तुला दाखवायला नको होता." साहेब खुर्चीत मागं टेकले. रागावलेले नव्हते. थकलेले दिसत होते. "बस. ऐक. ह्या पिनेवर जेवढा भार येणार, त्याच्या पाचपट ताकद धरून ती बनवलीय. पाचपट! लॅबवाले उणे वीस अंशाला गार करून ठोका देतात. आपल्या डोंगरावर बर्फ पडतोय का? ती चाचणीच मुळात परदेशातल्या नियमाची आहे."

"मग त्यांना तसं सांगूया."

"कोणाला?"

"रोपवेवाल्यांना. पोलाद ३०४ चं आहे, रिपोर्ट असा आहे, आणि तुमचं म्हणणं हे आहे."

ते हसले. "आणि ते म्हणतील, वा वणकुद्रे, छान, बसवा. पोरी, नवीन पोलाद यायला दोन महिने, मग फोर्जिंग, मग पाणी. तोवर ते काम दुसऱ्याला देतील. बावीस घरं आहेत ह्या छपराखाली. त्यात तुझंही एक."

मी चिठ्ठीवरचा नंबर पुन्हा वाचला.

"तुला मशीनवर कोणी उभं केलं?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

"तुम्ही."

"लोक काय काय बोलत होते, ते तुझ्या कानावर आलं नसेल. मी कधी काही मागितलं तुझ्याकडं?"

"नाही."

"आज मागतोय."

मी चिठ्ठी उचलली आणि बाहेर आले.

माझा निश्चय वगैरे झालेला होता असं आज सांगणं सोपं आहे. तसं नव्हतं. केबिनपासून मशीनपर्यंत तीसेक पावलं, आणि तेवढ्यात मी दोनदा त्यांच्या बाजूची झाले. पाचपट ताकद खोटी नव्हती. बावीस घरं खोटी नव्हती. त्यांनी माझ्यासाठी जे केलं होतं तेही खरंच होतं. मी पहिली पिन बांधली, तेल सोडलं, आणि नंबर टाकायला पडद्यासमोर उभी राहिले. के टाकला. मधली आडवी रेघ टाकली. पुढं दोन टाकायचा होता.

बोट जाईना.

नकार देऊन घरी जाता आलं असतं. पण मी गेले असते तर दुपारपर्यंत त्यांनी दुसऱ्या कोणाला तरी ते टूल धरायला शिकवलं असतं. आता काही अवघड राहिलं नव्हतं. सगळं मीच सोपं करून ठेवलं होतं. मी मान वर केली. काचेपलीकडं साहेब फोनवर बोलत होते, माझ्याकडं पाठ करून.

मी तीन टाकला. मग शून्य. मग चार.

टूल सावकाश खाली आलं.

एका पिनेला दोन-अडीच मिनिटं लागत होती. कोरून झाली की मी ती ट्रेमध्ये ठेवायची, माळगे काकांनी भिंगाखाली बघायची, तेलकट कागदात गुंडाळून लाकडी पेटीत लावायची. पहिली पिन त्यांनी उचलली. भिंग लावलं. मी दुसरी बांधत होते, पण कान तिकडंच होते. कागदाचा आवाज येईना. मी वळून बघितलं. काका पिन हातात धरून माझ्याकडं बघत होते. मग त्यांनी केबिनकडं बघितलं. पुन्हा माझ्याकडं.

"माळगे काका," मी म्हटलं, "मी—"

"दुसरी आण," ते म्हणाले, आणि पिन गुंडाळली.

पुढचा दीड तास मी कोरत होते आणि ते गुंडाळत होते. पंधराव्या पिनेला साहेब बाहेर येऊन गेले. काळजी करू नको अशा अर्थानं त्यांनी माझ्या मशीनवर थाप मारली आणि फाटकाकडं गेले. तिसाव्या पिनेला पाना माझ्या हातातून निसटला. चाळिसावी पिन गुंडाळून झाली तेव्हा काकांनी पेटीवर झाकण ठेवलं. खिळे मात्र ठोकले नाहीत.

शुक्रवारी रोपवे कंपनीचा इन्स्पेक्टर अकराला येणार होता. साडेनऊला साहेबांनी पेटी उघडायला लावली. सगळ्यात वरची पिन घेतली, कागद सोडवला.

दुसरी उघडली. तिसरी. मग पेटीतून मिळेल ती पिन काढून कागद फाडू लागले. सगळी मशीनं एकेक करून बंद झाली.

"पद्मा."

मी पुढं झाले.

"चुकून झालं का हे?"

त्यांनी मला वाट काढून दिली होती. नुसतं हो म्हणायचं होतं. त्यांनाही तेच हवं होतं, मला त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं.

"नाही साहेब. बघून घातलाय."

"मी काय सांगितलं होतं?"

"तुम्ही सांगितला तो नंबर ह्या पिनांचा नाही. मी तो घालणार नाही. आजही नाही घालणार."

"घासून काढा!" ते ओरडले. "ग्राइंडरवर घ्या सगळ्या! आत्ता!"

कोणी हललं नाही. माळगे काकांनी खिशातून मायक्रोमीटर काढला, एका पिनेच्या डोक्याची जाडी मोजली आणि आकडा साहेबांना दाखवला. "रेघ साठ मायक्रॉन खोल हाय. जाडीला सूट पंचवीसची. नंबर जाईस्तोवर घासली तर पिन कमी भरती. तशीबी बादच."

साहेब त्यांच्याकडं वळले. "माळगे, तुम्ही काल एकेक पिन भिंगाखाली बघितलीय."

"बघितलीय."

"मग तुम्हाला दिसलं नाही?"

"दिसलं की."

"आणि गुंडाळून ठेवलंत?"

"नंबर बरूबर हुता," काका म्हणाले. "चुकीचा असता तर भाईर काढला असता."

साहेबांच्या हातात पिन होती. आता ती ते माझ्या अंगावर फेकतात की काय असं मला क्षणभर वाटलं, आणि मी मागं सरकले नाही. त्यांनी ती पेटीत ठेवली. अगदी हळू ठेवली.

"तू जा," ते मला म्हणाले. "आत्ता जा. परत येऊ नकोस."

मी डबा घेतला, ओढणीला पडलेला तेलाचा डाग तसाच घेऊन फाटकाबाहेर पडले. बसथांब्यापर्यंत पोचेस्तोवर इन्स्पेक्टरची पांढरी गाडी माझ्या शेजारून आत गेली.

नंतरची हकिगत मला काकांनी सांगितली. साहेबांनी इन्स्पेक्टरला चहा पाजला आणि स्वतःच सांगितलं, पोलाद चाचणीत नापास झालं म्हणून सगळा लॉट आम्हीच बाद केलाय. इन्स्पेक्टर खूश झाला. असा कारखानदार बघायला मिळत नाही, म्हणाला, आणि मुदत वाढवून दिली. नवीन पोलाद आलं, नवीन पिना झाल्या, त्यांच्यावर त्यांचा नंबर पडला. रोपवे चार महिने उशिरा सुरू झाला. बावीस घरांपैकी एकवीस जशीच्या तशी राहिली. माळगे काका निवृत्तीपर्यंत तिथंच होते. साहेब तीन वर्षं त्यांच्याशी कामापुरतंच बोलले.

मला मात्र आठ महिने शिरोलीत कोणी दारात उभं केलं नाही. ही पोरगी मालकाचं ऐकत नाही, एवढंच सगळ्यांना कळलं होतं. का ऐकलं नाही, ते मी कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर साहेबांचा कारखाना बुडाला असता, आणि तो मला बुडवायचा नव्हता. शेवटी गोकुळ शिरगावला एका गाळ्यात जुनं मशीन भाड्यानं घेतलं आणि फक्त नंबर कोरायचं काम सुरू केलं. पहिलं वर्ष कसं गेलं ते आठवायलाही नको. आता दोन मशीनं आहेत.

साहेब मला अकरा वर्षांनी भेटले. पोलादाला पाणी देणाऱ्या एका कारखान्यात मी माझे तुकडे घ्यायला थांबले होते. बाकावर एक म्हातारे गृहस्थ बसलेले, हातात काठी. मी ओळखायच्या आत त्यांनीच हाक मारली.

"पद्मा ना?"

मी जवळ गेले. नमस्कार केला. प्रकृतीचं विचारलं. कारखाना आता मुलगा बघत होता. मी बाकावर त्यांच्या शेजारी बसले. मग ते एकदम म्हणाले, "त्या बाद पिनांतली एक मी नंतर भार देऊन बघितली. प्रेसवर. मुद्दाम."

मी त्यांच्याकडं बघितलं.

"पाचपट भार घेतला तिनं. तुटली नाही." काठी त्यांनी जमिनीवर टेकवली. "तुला हे कोणीतरी सांगायला पाहिजे होतं. पिना चांगल्या होत्या. तू म्हणत असशील, मी माणसं वाचवली. कोणी वाचवलं नाहीस."

हळूहळू चढवलेला भार वेगळा आणि एकदम बसलेला ठोका वेगळा, लॅबमधली सळी ठोक्यालाच तुटली होती, हे मला सांगता आलं असतं. त्यांनाही ते ठाऊक होतं. मी ते बोलले नाही, कारण इतक्या वर्षांत, गाळ्यात एकटी बसलेली असताना, मी स्वतःला हाच प्रश्न शंभरदा विचारलेला होता. पिना खरंच टिकल्या असत्या तर? आणि दर वेळी उत्तर एकच आलं होतं.

"टिकल्याही असत्या, साहेब," मी म्हटलं. "मी माणसं वाचवली असं मी कधीच कुणाला सांगितलेलं नाही."

"मग कशासाठी केलंस?"

"तुम्हाला एवढी खात्री होती ना पिनांची? मग त्यांच्या खऱ्या नावानं घेऊन जायचं होतं त्यांच्यापुढं. म्हणायचं होतं, रिपोर्ट हा असा आहे, आणि वणकुद्रे ह्या पिनांच्या मागं उभा आहे. तुम्ही तसं भांडला असता तर मी तुमच्या शेजारी उभी राहिले असते. नोकरी गेली असती तरी. तुम्ही मला तुमच्यासाठी भांडायला कधी सांगितलंच नाहीत. लपवायला सांगितलंत."

आतून माणसानं माझ्या नावानं हाक मारली. माझे तुकडे तयार झाले होते.

मी उठले. दाराशी जाऊन मागं बघितलं, तेव्हा त्यांनी काठी बाकाला टेकवून ठेवली होती आणि दोन्ही हात तोंडावरून एकदा फिरवून घेतले होते. मी परत गेले नाही. मला त्यांच्याकडून काही ऐकायचं राहिलेलं नव्हतं, आणि जे सांगायचं होतं ते अकरा वर्षं उशिरा का होईना, तोंडावर सांगून झालं होतं.